सात नावं

मिरजेत सतारी बनवणाऱ्या दस्तगीरचाचांनी गिटारवरचं कापड काढलं आणि मी ती उलटीपालटी करून पाहिली.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत वाजलेली ही गिटार मी सहा वर्षं शोधत होते. तिच्या पाठीवर सात मराठी शिपायांनी खिळ्यानं आपली नावं कोरली होती. त्यातलं एक माझ्या आजोबांचं. ते परतलेच नाहीत. गेल्या आठवड्यात ती हाती लागली आणि मी फक्त तारा बदलायला चाचांकडे दिली.

आता पाठ कोरी होती.

"कुठल्या पोरांनी नावं कोरून पार नासवली होती बघा, ताई," चाचा खुशीत म्हणाले. "दोन दिवस घासली. लाख चढवली की नवी दिसेल."

त्यांनी फरशीवरचा भुसा झाडायला केरसुणी उचलली.

"झाडू नका!" मी किंचाळले आणि ओढणी पसरून खाली बसले.