पुढच्या सीझनची यादी

फुटबॉल हंगामातला शेवटचा सामना संपला आणि क्लबमालकांनी प्रशिक्षक अंकुशच्या हाती पुढच्या वर्षीच्या खेळाडूंची यादी ठेवली. धम्मानंदचं नाव त्यात नव्हतं. अंकुशनं विनवलं, पण छत्तीस वर्षांचा बचावपटू मालकांना नको होता. प्रशिक्षक होण्याआधी अंकुश धम्मानंदसोबत नऊ वर्षं खेळला होता. चेंजिंग रूममध्ये धम्मानंद सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. "रामदासपेठेतले डॉक्टर म्हणून राहिले की दोन महिन्यात गुडघा ठणठणीत होऊन जाते. पुढच्या सीझनले पाहशील मले!" अंकुश यादी घेऊन समोर उभा होता. त्याच्या हातातला कागद पाहून धम्मानंदचं हसू मावळलं. "माझं नाव नाही?" "मी लय भांडलो गा." धम्मानंदनं मान डोलावली. बूट काढायला गेला, पण गुडघा वाकेना. अंकुश खाली बसून नाडी सोडू लागला. "हळू काढ गा," धम्मानंद म्हणाला, "आता घाई कायची?"