हात सुटला की चाल झाली

"पट कुठी हाय?" गजेंद्रनं विचारलं.

"पट नाई, बाबा. सोंगट्या बी नाई," रुचिका म्हणाली.

वडनेरच्या त्यांच्या किराणा दुकानाचं शटर दुपारी दोन तास खाली असे, आणि ते दोन तास गजेंद्रच्या खेळाचे. बुद्धिबळ, सारीपाट, व्यापार, काहीही मांडा. त्याला हरवणारा गावात अजून जन्मायचा होता. नियम मात्र कडक. हात सुटला की चाल झाली. समोर सरपंच असो की पोटची पोर, चाल परत नाही.

सकाळीच त्यानं रुचिकाचा पुण्याच्या कॉलेजचा अर्ज सही न करता परत सरकवला होता. "एकटी पोरगी इतक्या दूर? लोक काय म्हणतीन?" अर्ज उद्याच्या टपालानं जायलाच हवा होता. रुचिका रडली नाही. रडून त्या घरात कोणाला काही मिळालं नव्हतं. तिनं थोरल्या भावाची, रजतची पेटी उघडली. पुण्यात तीन वर्षं शिकून येताना त्यानं हा खेळ आणला होता: वीस बाजूंचा एक फासा आणि नियमांची झेरॉक्स.

"मी गोष्ट सांगते," रुचिका म्हणाली. "तुम्ही तिच्यातलं एक माणूस. काय करता ते तुम्ही बोलायचं, जमते का नाई ते फासा सांगते. मोठा आकडा पडला तं जमलं."

"अन् जिंकते कोण?"

"जो अडकून राहत नाई तो."

गजेंद्र मांडी ठोकून बसला.

"तुम्ही गडावरची पोरगी. दूरच्या वैद्यानं शिकायले बोलावलं. दरवाजात बाप उभा हाय, किल्लेदार. तो म्हणते, एकटी पोरगी इतक्या दूर? लोक काय म्हणतीन?"

खेळ समोर आला की गजेंद्रला दुसरं काही सुचत नसे. आपलेच शब्द त्याला ओळखू आले नाहीत. त्यानं विनवणी करून पाहिली, फासा पडला तीन. मागच्या भिंतीवरून उतरून पाहिलं, पडला दोन. त्याचे कान लाल झाले. हरणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"या पोरीले भाऊ हाय का?"

"हाय. तीन वर्षं त्याच वैद्याकडं होता."

गजेंद्रनं जमिनीवर हात आपटला. "मंग भावाले पाठवलं तवा हे लोक कुठी गेलते? हो बाजूले! मी चालली!"

"फासा टाका."

"फासा कायले? काय उत्तर हाय त्या किल्लेदारापाशी?"

आणि गजेंद्रला सकाळचे आपलेच शब्द आठवले. त्यानं झेरॉक्स ओढून चाल परत घ्यायचा नियम शोधला.

"ते खेळातलं होतं," तो पुटपुटला.

"हात सुटला, बाबा."

रुचिकानं अर्ज पुढे सरकवला. नजर तिनं खाली घातली नाही. "आता तुम्ही किल्लेदार. काय करता?"

गजेंद्रनं फाशाकडे पाहिलं, मग पोरीकडे. इतक्या वर्षांत त्याच्या तोडीचं कोणी समोर बसलं नव्हतं.

"फासा उचल," तो म्हणाला. "पेन दे."