जोडीच्या बैठका

"हिला नाही जमणार, सर. बारा आठवडे बघतोय मी," सोबती मुख्याध्यापकांना म्हणाला आणि त्याने मोबाइल खिशात टाकला.

बारा आठवडे त्याने तो मोबाइलच बघितला होता. समजायला वेळ लागणाऱ्या मुलांच्या त्या शाळेने व्यायामाचा वर्ग काढला होता. प्रत्येक मुलाला त्याच्याच वयाचा, कॉलेजातला एक सोबती. दोघांनी जोडीने व्यायाम करायचा, एवढा एकच नियम. शेवटी सोबत्याला प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी शिक्का. या सोबत्याची समाजसेवेची तळमळ त्या शिक्क्याएवढीच होती.

दर शनिवारी तो खिडकीखालच्या बाकावर बूड टेकायचा. सोळा वर्षांची बबी त्याच्या शेजारी बसायची. जा, कर, असं तो मान वर न करता सांगायचा. ती जायची नाही. मग तो कागदावर लिहायचा, सहकार्य करत नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; इथे हा नाचायला उठलाच नव्हता.

आज परीक्षा होती. वीस बैठका झाल्या तर पुढच्या वर्गात जागा, नाहीतर नाव कट. बबीचा जीव या वर्गात होता. शुक्रवारपासूनच ती घरभर खेळाचे बूट घालून फिरायची. आई ओरडून ओरडून थकली होती.

मुख्याध्यापकांनी नाव खोडायला पेन उघडलंसुद्धा. खातरजमा करायची त्यांना सवय नव्हती. तेवढ्यात व्यायामाच्या बाई म्हणाल्या, नियम जोडीचा आहे, तर परीक्षाही जोडीनेच होईल. सोबत्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

पहिल्या पाच बैठका त्याने ऐटीत मारल्या, कारण सगळ्यांचे आईवडील बघत होते. आठव्या बैठकीला गुडघे वाजले. बाराव्या बैठकीनंतर साहेबांनी जमिनीवर बसकण मारली ती मारलीच. बबीच्या बाराही बैठका पाठ ताठ ठेवून झाल्या होत्या. बाकावरून इतर मुलांचं बघून बघून ती शिकली होती. तिला धापही लागली नव्हती. पण तो बसला तशी तीही त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"बाराच," मुख्याध्यापक म्हणाले. मनासारखं झाल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही.

बाई बबीसमोर उकिडव्या बसल्या. "अजून येतात का गं तुला?"

"येतात की, बाई," बबी म्हणाली. "पण मग ह्याच्याजवळ कोण बसणार?"