टेपचं दुसरं टोक

टेम्पोनं उडवलेल्या विमलबाईंना कोल्हारच्या दवाखान्यात नेलं आणि हवालदारांनी पंचनामा सुरू केला. पंच म्हणून रंगनाथनानांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

“टायरचा डाग वीस मीटर,” हवालदार म्हणाले. “त्याआधी बाई दिसून पाय ब्रेकवर जाईस्तोवर टेम्पो पंधरा-सतरा मीटर तसाच आला. साठचा स्पीड हुता. तीसचा असता तर लई अलीकडंच थांबला असता.”

टेम्पोवाला रडकुंडीला आला. “साहेब, रोज दूध नेतो. इथं गतिरोधक हुता, तिथं गाडी हळू व्हायचीच. आज बघतो तर गायब.”

“नाना, तुमच्याच दारासमोर हुता की. कुनी काढला?” हवालदारांनी विचारलं.

“म्हाईत न्हाई.”

हवालदारांनी ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं. नानांनी खाली सही केली.

नानांच्या मुलानं, नितीननं नवी कार काढली. “बसा नाना, विमलकाकूंना बघून येऊ.”

गतिरोधकावर या गाडीचं बूड घासायचं, म्हणून नानांनीच काल त्याच्यावर जेसीबी फिरवला होता. गाडी रस्त्यावर वळली. नाना डोळे मिटून बूड घासल्याचा आवाज यायची वाट बघत राहिले.