आल्हादिनीचं बारसं

माझ्या मुलीचं नाव आल्हादिनी ठेवलं. बारशात जे झालं ते झालंच नाही, असं आम्ही धरून चाललोय.

बारशाला आत्याने, म्हणजे माझ्या ताईने, तोवर गुपित ठेवलेलं नाव बाळाच्या कानात सांगितलं, मग मोठ्याने.

"वा! मी रोज दोन चमचे घेतो," आजोबा म्हणाले. त्यांच्या बद्धकोष्ठाच्या चूर्णाचं नाव तेच होतं.

तेवढ्यात मांडीवरच्या बाळाने ताईची पैठणी पिवळी केली.

"बघा! नुसत्या नावाने गुण!" आजोबा ओरडले.

"ताई, बदल गं नाव," मी म्हणालो.

"कानात सांगितलेलं परत घेता येत नाही," पदर धूत ताई म्हणाली.

मग मी चूर्णाच्या कंपनीला लिहिलं: 'महोदय, मुलीचे नाव विधिवत कानात गेल्यामुळे बदलता येत नाही. तरी आपण चूर्णाचे बदलावे, ही नम्र विनंती.'