वरून गुळगुळीत

ड्रिल मशीन बंद झालं तरी चैतालीच्या कानात घरघर चालूच होती. औंढे फाट्याच्या पुढं हायवेची एक लेन बंद करून ती सकाळपासून उभी होती. रस्ता वरून गुळगुळीत, कुठं ओरखडा नाही. जड ट्रकांची वर्दळ, ऊन, पाऊस, डांबराचं वय, सगळं कॉम्प्युटरात घालून तिनं भाकीत केलं होतं : रस्ता इथं खालून तडकलाय, आणि एखाद्या पावसाळ्यात तो ऐन वळणावर खचेल.

"मागं तुझ्या सांगण्यावरून खोदलं ती जागा ठणठणीत निघाली," आदिनाथ सर म्हणाले. "हीही तशीच निघाली, तर हा नाद सोडू. रस्ता फुटल्यावर दुरुस्त करायचा, आपली जुनी पद्धत."

ऑफिसात तिला ज्योतिषीणबाई म्हणायचे. सरांनी अजून म्हटलं नव्हतं.

कडेला करंजाच्या सावलीत तिची आई भागुबाई येऊन बसली होती. लेक गावच्या फाट्यावर आली म्हटल्यावर तिला घरी राहवलं नव्हतं.

"आन् न्हाई फुटल्याला निघाला तर?" तिनं हळूच विचारलं.

"तर मी चुकले, आई."

"मंग फुटू दे, बाई."

मशीनवाल्यानं चिमटा घालून डांबराचा गोल ठोकळा वर ओढला. वरचा थर काळाभोर, अखंड. ठोकळा पुरता बाहेर आला आणि त्याचा बुडाचा भाग सुटून सरांच्या बुटांवर पडला. उरलेल्या तुकड्यात केसाएवढी चीर खालून वर चढत गेली होती.

सर उकिडवे बसले. चिरेवरून त्यांनी नख फिरवलं. मग मान वर केली, तेव्हा ते हसत होते.

"अगं, फुटलाय की!"

"फुटलाय, सर!" चैतालीनं डोक्यावरचं हेल्मेट काढून उंच उडवलं. "आई, फुटला!"

"पावसाच्या आत हा तुकडा नवा करायचा," सर फोन काढत म्हणाले. "कुठवर खोदायचं ते आता तूच सांग."

भागुबाईनं पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला. सरांना दिला, मशीनवाल्याला दिला, आणि अडवलेल्या गाड्यांकडं वळली. पुढंच एक स्कूटरवाला वैतागून उभा होता.

"काय मावशी, कुणाचं लग्न ठरलं?"

"रस्ता फुटलाय! माज्या लेकीनं आदीच सांगितलं हुतं."

त्यानं वाकून पाहिलं. दूरवर काळाकुळकुळीत, सपाट रस्ता उन्हात चमकत होता.

"कुठं फुटलाय? मला तर काहीच दिसत नाही."

"व्हय," त्याच्या हातावर लाडू ठेवत भागुबाई म्हणाली, "आनि आता कंदीच दिसायचा न्हाई."