तिसरा नियम

अपघाताला अकरा दिवस झाले तरी बॉयलरची त्या पाळीपासूनची एकही नोंद सुरक्षा कार्यालयात पोचली नव्हती. तिथल्या अधिकारी बाईंचं दुसरं पत्र आलं, तेव्हा कारखान्याचं नेटवर्क सांभाळणारी ती कामाला लागली. खरं तर तिला पत्राची गरज नव्हती. बॉयलर फुटला तेव्हा त्याच्यासमोर तिचा दादा होता.

त्याचा मदतनीस जागच्या जागी गेला. दादा वाचला, पण छाती आणि गळा भाजला. ऑपरेटर तोच, म्हणजे चूकही त्याचीच, असं कँटीनमध्ये लोक आता तिच्यासमोरच बोलू लागले होते. "गजर वाजलाच नाही," एवढंच दादानं पहिल्या दिवशी वहिनीला सांगितलं होतं.

गजर वाजला की नाही, हे बॉयलरच्या कॉम्प्युटरला ठाऊक होतं. तो बारीकसारीक गोष्ट मिनिटासकट लिहून ठेवायचा आणि पाळी संपली की सगळं दूरच्या सुरक्षा कार्यालयाला पाठवून द्यायचा. त्या नोंदी कारखान्यातून पुसता येत नव्हत्या. वाचायला जावं, तर बॉयलरघराला पोलिसांनी सील ठोकलेलं.

"उद्या नोंदी पाठवते बघ," काल दवाखान्यात ती दादाला म्हणाली होती. "सगळ्यांची तोंडं बंद होतील."

दादानं डोळे मिटून घेतले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नको पडूस त्यात."

"साहेबांना घाबरतात हो," बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली.

साहेब म्हणजे बॉयलर विभागाचे प्रमुख. दादाला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता, आणि अपघातापासून ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते. आज मात्र सकाळपासून दुसऱ्यांदा तिच्या खोलीत आले.

"केबल जळली असेल," ते म्हणाले.

"केबल धडधाकट आहे. मी इथून हाक मारली की बॉयलरचा कॉम्प्युटर ओ देतोय."

"मग दमलं असेल मशीन. जुनं आहे."

"दमायला ते काय माणूस आहे, साहेब?"

ते हसले नाहीत. दाराची कडी उगाच वरखाली करत म्हणाले, "राहू दे ना. कशाला खोलात जातेस?"

ते गेल्यावर तिनं फायरवॉल उघडली. कारखान्यातून बाहेर काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं, याची यादी म्हणजे फायरवॉल. यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम आधी लागू पडेल तोच चालतो. बॉयलरच्या नोंदी जाऊ द्याव्यात, हा तिनंच लिहिलेला नियम नवव्या ओळीवर होता. जिथल्या तिथे.

तिसऱ्या ओळीवर मात्र एक नियम होता, जो तिनं लिहिला नव्हता. बॉयलरच्या कॉम्प्युटरकडून सुरक्षा कार्यालयाकडे जाणारं सगळं अडवा. नियम घातल्याची तारीख अपघाताची. वेळ बारा वाजून दहा मिनिटं, म्हणजे स्फोटानंतर अर्ध्या तासानं, पाळी संपायच्या आधी. लॉगिन साहेबांचं, विभागप्रमुख म्हणून त्यांना दिलेलं.

दादाला रुग्णवाहिकेत घालत होते तेव्हा हा माणूस इथे बसून हे करत होता.

तिनं त्या ओळीचा फोटो काढला आणि नियम पुसला. अकरा दिवस साचलेल्या नोंदी भराभर निघाल्या. चार मिनिटांत शेवटची पोचली. तिनं पोचपावती छापली आणि तडक साहेबांच्या खोलीत जाऊन कागद टेबलावर ठेवला.

"तिसरा नियम काढलाय," ती म्हणाली.

साहेबांनी कागद वाचला. चष्मा काढला. "गेल्या सगळ्या?"

"सगळ्या. आता परत बोलावता यायच्या नाहीत."

साहेबांनी खणातून एक पत्र काढून तिच्यापुढे सरकवलं. कालच्या तारखेचं, चौकशी समितीला लिहिलेलं. गजर महिनाभर नादुरुस्त होता, मला ते ठाऊक होतं, दुरुस्ती मी टाळली, दोष सर्वस्वी माझा. खाली त्यांची सही.

तिनं ते दोनदा वाचलं. "कबूलच करायचं होतं, तर नोंदी कशाला अडवल्यात?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुरक्षा कार्यालयातल्या बाई होत्या.

"नोंदी मिळाल्या हं, आभारी आहे. गजर ठणठणीत होता तुमचा. त्या सकाळी सहा वेळा वाजलाय, आणि सहाही वेळा ऑपरेटरनं स्वतःच्या हातानं बंद केलाय. पोलीस निघालेत, त्याचा वॉर्ड नंबर तेवढा सांगता का?"